पावसाळा नसलेली मराठेशाही

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात हॉर्शम नावाचे गाव आहे. तेथील 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या संस्थेने २००९ सालच्या मार्च महिन्यात 'एम्पायर : टोटल वॉर' नावाचा एक संगणकीय खेळ बाजारात आणला. अठरावे शतक हा त्या खेळाचा काळ, आणि युरोप, अमेरिका व हिंदुस्थान या त्याच्या तीन रंगभूमी. खेळणाऱ्याने एक सत्ता निवडावी आणि १७०० पासून १७९९ पर्यंत तिचा कारभार हाकावा, अशी त्याची रचना आहे. निवडीसाठी ज्या मोजक्या सत्ता ठेवल्या आहेत, त्यांत इंग्लंड, फ्रान्स, रशिया, प्रशिया, तुर्कस्तान यांच्या पंक्तीला मराठ्यांचे राज्य बसविलेले आहे. राजधानी सातारा. मोगल आणि म्हैसूरकरही पटावर आहेत. पण ते प्रतिपक्ष म्हणून, त्यांची बाजू घेऊन डाव मांडता येत नाही.

वृत्तपत्राच्या या पानावर खेळण्याचा विषय कशासाठी, असे पुष्कळ वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, २०२४ सालच्या अखेरीस हाच खेळ 'फेरल इंटरॅक्टिव्ह' या दुसऱ्या एका इंग्लिश संस्थेने भ्रमणध्वनीवर आणला. त्यापूर्वी महागडा संगणक बाळगणाऱ्या थोड्याच घरांत तो शिरू शकत होता. आता तो महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि नाशिकरोडहून मुंबईस जाणाऱ्या गाडीच्या डब्यात खेळला जातो. आमच्या वर्गातील मुले सरदेसायांची 'रियासत' वाचत नाहीत, ही खंत करून आता उपयोग नाही. मराठेशाहीच्या अठराव्या शतकाशी त्यांतील काहींचा पहिला दीर्घ परिचय या खेळातून होत आहे. तेव्हा हा परिचय कसा आहे आणि या खेळाचा पुढचा भाग निघालाच तर तो कसा असावा, हा प्रश्न शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

पुढच्या भागाची वाट पाहणारे लोक जगभर आहेत. याच संस्थेने आपल्या 'शोगुन'चा दुसरा भाग २०११ मध्ये आणि 'रोम'चा दुसरा भाग २०१३ मध्ये काढला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये तिने 'मेडिव्हल'च्या तिसऱ्या भागाची घोषणा केली. त्या घोषणेत 'एम्पायर'चे नाव नव्हते. २०१० मध्ये 'नेपोलियन' हे त्याचे एक भावंड आले खरे, पण त्यात हिंदुस्थानला जागा नव्हती. म्हणजे मराठ्यांची बाजू घेऊन खेळणारा मनुष्य एका तपाहून अधिक काळ ताटकळत आहे. प्रस्तुत लेखकही त्या रांगेत उभा आहे, हे सांगून टाकलेले बरे.

ज्यांना या प्रकारच्या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. राज्यकारभाराचा भाग बुद्धिबळासारखा आळीपाळीने चालतो. आपली चाल पुरी झाली की इतर सर्व सत्ता आपापल्या चाली करतात आणि पुन्हा पाळी आपल्याकडे येते. विचार करण्यास हवा तितका वेळ घ्यावा; मागे कोणी घाई करीत नाही. लढाई तेवढी डोळ्यांदेखत घडते, आणि तीही पाहावयाची नसेल तर तिचा निकाल यंत्रावर सोपविता येतो. ज्या शहराच्या विदित गुजराथींनी २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही बुद्धिबळाची मानाची स्पर्धा जिंकली, त्या नाशिकमध्ये आळीपाळीच्या खेळाचे बौद्धिक मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा संमत केला, त्याचा रोखही पैसे लावून खेळावयाच्या प्रकारांवर आहे. रमीचे पान आणि राज्याचे अंदाजपत्रक या दोन गोष्टी एकच आहेत, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

अंदाजपत्रक हा शब्द येथे सहज आलेला नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने या खेळाविषयी मला जी आस्था वाटते ती तेथूनच उत्पन्न झाली आहे. यात वरच्या वर्गावरील कर आणि खालच्या वर्गावरील कर वेगवेगळे ठरवावे लागतात. कर चढविला की त्या प्रांताची संपत्ती वाढण्याचे थांबते आणि असंतोष डोके वर काढतो. कर उतरविला की तिजोरी रिकामी पडते. एखादा नुकताच जिंकलेला, धुमसणारा प्रांत काही काळ करमुक्त ठेवण्याची सोयही आहे. रस्ता बांधावा की पलटण उभारावी, बंदर सुधारावे की विद्यालय काढावे, यांपैकी एकच गोष्ट हातातल्या पैशात होते आणि दुसरी राहून जाते. 'वैकल्पिक खर्च' ही संकल्पना समजावून देण्यास मला वर्गात तीन तास लागतात आणि तरी ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उलटी होऊन येते; या खेळात एका संध्याकाळी ती अंगवळणी पडते. हे ऋण मान्य करूनच पुढील तक्रार वाचावी.

खेळाचे एक वर्ष दोन पाळ्यांचे आहे : एक उन्हाळा, एक हिवाळा. शंभर वर्षांच्या सुमारे दोनशे पाळ्या. युरोपसाठी ही विभागणी ठीक आहे. पण हीच कालगणना सातारा-पुण्याला लावली की वर्षातून पावसाळा नाहीसा होतो, आणि पावसाळा नाहीसा झाला की मराठ्यांचे राजकारण कळेनासे होते. मराठी फौजेचे वर्ष दसऱ्याला सुरू होत असे. सीमोल्लंघन हा शब्द आज आपण सोने वाटण्यापुरता उरवला आहे. त्या काळी तो स्वारीचा मुहूर्त होता. नद्या उतरल्या, वाटा वाळल्या, खरिपाचे पीक हाती येऊ लागले, घोड्याला वैरण मिळू लागली की फौज बाहेर पडावयाची आणि मृगापूर्वी परतावयाची, नाहीतर परमुलखात छावणी करून राहावयाची. शिपाई हा पुष्कळ अंशी शेतकरीही होता. पावसाळ्यात त्याला घर हवे असे, आणि कारभाऱ्यांना त्या चार महिन्यांत हिशेब, तहनामे आणि कर्जाची बोलणी उरकावयाची असत.

थोरल्या बाजीरावांची पालखेडची मोहीम पाहा. १७२७ चा पावसाळा सरताना ती सुरू झाली, आणि १७२८ च्या फेब्रुवारीअखेर आपल्या येवल्याच्या पलीकडे, वैजापूरच्या बाजूस, निजामाची कोंडी होऊन ती संपली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. एका मोसमात सारे काही. १७३६ च्या पावसाळ्यानंतर पुण्याहून निघालेले बाजीराव १७३७ च्या मार्चअखेर दिल्लीच्या वेशीवर होते. खेळात साताऱ्याहून निघालेल्या फौजेला तेवढे अंतर तोडण्यास कित्येक पाळ्या, म्हणजे वर्षे, लागतात. ज्या गुणासाठी मराठी घोडदळ प्रसिद्ध होते तो गुणच कालगणनेने हिरावून घेतला आहे. उलट बाजूने पाहावयाचे तर १७६० चा पावसाळा पाहा. यमुनेला पूर आला आणि भाऊसाहेब व अब्दाली यांच्या फौजा नदीच्या दोन काठांना अडकून पडल्या. त्या अडकण्यात मराठ्यांची शिबंदी आणि वैरण खर्ची पडत होती, आणि ती पुढे पानिपतावर भोवली. ज्या पटावर पावसाळाच नाही, त्या पटावर पानिपत हे केवळ एका दिवसाच्या लढाईतील चुकांचे फळ ठरते. आमच्या मुलांना तसेच ते वाटते, आणि दोष केवळ खेळाचा नाही. आमच्या क्रमिक पुस्तकांनीही फार निराळे शिकविलेले नाही.

पुढच्या भागात हिंदुस्थानसाठी वर्षाच्या तीन पाळ्या कराव्यात, एवढी साधी मागणी आहे. पावसाळ्याच्या पाळीत फौज जागची हलू नये. हलवावयाचीच तर माणसे आणि जनावरे गमावण्याची तयारी ठेवावी. पाऊस न पडल्यास पुढच्या वर्षीचा वसूल बुडावा. १८०३-०४ चा दुष्काळ खेळाच्या शतकाबाहेर पडतो, पण पाऊस गेला आणि फौजांनी मुलूख तुडविला म्हणजे गंगथडी व खानदेशाची काय दशा होते, ते या भागाने तेव्हा पाहिले आहे.

आता पैशाकडे वळू. खेळाच्या नकाशावर प्रत्येक प्रांताला एकच रंग आहे : तो तुमचा तरी असतो, नाहीतर दुसऱ्याचा. मांडलिकत्वाची एक सोय आहे, पण ती राज्या-राज्यांमधली. मराठ्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्या मुलखातून येत असे तो नकाशावर त्यांच्या रंगाचा नव्हताच. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्या दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या होत्या. म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर शेकडा दहा. मुलूख निजामाच्या अंमलाखालचा, कमाविसदार मराठ्यांचा, रयत दोघांची. याला आपल्याकडे दुअंमल हा नेमका शब्द होता. एकाच गावातून दोन सरकारांनी वसूल घ्यावा, दोघांचे दप्तर वेगळे असावे, आणि एकाचा जोर वाढला की दुसऱ्याचा वाटा आपोआप आटावा, ही व्यवस्था एका रंगाच्या नकाशात मावत नाही. पण ती मावली नाही तर मराठी राज्य कसे पसरले हेही कळत नाही. ते आधी वसुलाच्या वहीत पसरले. निशाण पुष्कळदा मागून आले, आणि कित्येक ठिकाणी आलेही नाही.

त्याहून मोठी उणीव सावकाराची आहे. या खेळात कर्ज काढता येत नाही. तिजोरीत असेल तेवढेच खर्चावे. एका विद्यार्थ्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितले की त्याच्या डावात १७४० च्या सुमारास तिजोरी इतकी भरते की पैसा कशावर घालावा हे सुचत नाही. खऱ्या १७४० मध्ये बाजीराव वारले, आणि त्यांच्यामागे सावकारांचा तगादा उरला. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्यांनी लिहिलेल्या पत्रांत कर्जाचा जो घोर दिसतो, तो त्या विद्यार्थ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या पटावर सावकार नाही, हुंडी नाही, व्याज नाही, थकलेला पगार मागत दारात धरणे धरून बसलेला शिलेदार नाही. ज्या नाशिकरोडला १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात तेथील मुलाला पैसा हा उत्पन्न होताच तिजोरीत जाऊन पडतो असे वाटावे, हा एक विनोदच म्हणावयाचा.

या बाबतीत नाशिककराला दूर जाण्याची गरज नाही. गंगापूर रस्त्यावरून जाताना जी आनंदवल्ली लागते, ती रघुनाथरावांची. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या त्यांच्याच सेनापतित्वाखाली. अटकेपार झेंडे हा आपला वाक्प्रचार. त्या झेंड्यांचा खर्च मात्र वाक्प्रचारात येत नाही. एवढा मुलूख पायाखाली घालून रघुनाथराव परतले ते खजिना घेऊन नव्हे, कर्ज घेऊन. आणि पुढच्या उत्तरेकडील स्वारीचे नेतृत्व सदाशिवरावभाऊंकडे जाण्यामागे या हिशेबाचाही हात होता. खेळात अटक जिंकली की पुढच्या पाळीपासून तिचा कर सुरू होतो. नकाशा रंगविणे म्हणजे राज्य वाढविणे, ही जी समजूत खेळ दृढ करतो, तिच्याविरुद्ध याहून चांगला पुरावा कोठे मिळेल?

पंचवटीतील आपल्या नारोशंकराच्या देवळाचेही तसेच. त्याची घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून प्रसिद्ध आहे आणि मोठा आवाज करणाऱ्याला आपण अजून तिची उपमा देतो. पण हेच नारोशंकर १७६० मध्ये दिल्लीच्या बंदोबस्तासाठी भाऊंनी मागे ठेवले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याच दिल्लीत पैशाची तंगी इतकी झाली की दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. सुमारे नऊ लाख रुपये झाले आणि ते फार दिवस पुरले नाहीत. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा उरलासुरला मार्ग खुंटला. पानिपतावरचा १४ जानेवारी १७६१ हा दिवस या जमाखर्चाच्या शेवटच्या ओळीवर येतो. पुढच्या भागात एखाद्या मुलाने व्याज चुकविण्यासाठी एक प्रांत गहाण टाकला, किंवा पगार थकल्यामुळे ऐन चालीच्या वेळी त्याची अर्धी फौज उठून गेली, तर तो रागाने खेळ बंद करील. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा प्रश्न निराळा असेल.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असेही नाही. 'युरोपा युनिव्हर्सालिस' या स्वीडनमध्ये तयार झालेल्या खेळमालेत कर्ज, व्याज आणि दिवाळखोरी या तिन्ही गोष्टी आहेत. तो खेळ आळीपाळीचा नाही, एवढाच फरक. सरदारांच्या बाबतीत तर हॉर्शमकरांना उसनवारीही करावी लागणार नाही. त्यांच्याच २०१९ च्या 'थ्री किंगडम्स' या चीनच्या इतिहासावरील खेळात प्रत्येक सेनापतीला मानापमान आहे. तो रुसतो आणि वेळ पडल्यास दुसऱ्याकडे निघूनही जातो. उलट 'एम्पायर'मध्ये ज्याला मराठा 'महासंघ' असे नाव दिले आहे त्यातील प्रत्येक पथक बोटाच्या इशाऱ्यावर चालते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, गायकवाड यांची नावे नाहीत, त्यांचे सरंजाम नाहीत, त्यांचे एकमेकांशी असलेले वाकडे नाही. १७९५ मध्ये खर्ड्याला ही सर्व मंडळी एका निशाणाखाली जमली ही इतिहासात नोंदविण्याजोगी गोष्ट ठरली, यावरूनच एरवी काय स्थिती असे ते समजावे. आंद्रे विंक या डच इतिहासकाराने १९८६ च्या आपल्या ग्रंथात फितुरी हा मराठी राज्याला जडलेला रोग नसून ते राज्य ज्यायोगे वाढले तेच तंत्र होते, असा विचार मांडला. तो आपल्याला कडू लागतो. सर्वस्वी पटतोही असे नाही. परंतु डावपेचाच्या खेळासाठी याहून उत्तम कल्पना कोणती असणार? दुसऱ्याचे सरदार फोडून राज्य वाढवावे, आणि आपले फुटू नयेत म्हणून रात्रंदिवस जागे राहावे.

खेळाच्या पहिल्याच वर्षी, १७०० च्या मार्चमध्ये, राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. खेळात मात्र सातारा ही निर्वेध राजधानी आहे आणि ताराबाईंच्या झुंजीला तेथे अवकाश नाही. असल्या तपशिलाच्या चुका पुष्कळ दाखविता येतील. त्यांचे मला फारसे वाटत नाही. कोठेतरी डाव मांडावाच लागतो.

खरी चिंता वेगळी आहे. पुढचा भाग निघेल तेव्हा त्यात मराठे असतीलच असे कोणी सांगितले? 'सिव्हिलायझेशन' या आळीपाळीच्या खेळांतील सर्वांत नावाजलेल्या मालिकेचा सातवा भाग २०२५ च्या फेब्रुवारीत आला. प्रसिद्धीच्या वेळी त्यात हिंदुस्थानची तीन युगे होती : मौर्य, चोळ आणि मोगल. अठराव्या शतकात ज्यांनी निम्म्याहून अधिक हिंदुस्थानच्या राजकारणाला वळण दिले त्यांचे नाव नव्हते. याला द्वेष म्हणावयाचे कारण दिसत नाही. खेळ रचणारा मनुष्य इंग्रजीत जे सुलभपणे सापडते ते उचलतो. चोळांवर नीलकंठ शास्त्र्यांपासून इंग्रजी ग्रंथांची परंपरा आहे. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली, सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. पण ती सारी मराठी, आणि न छापलेले कागद मोडीत. पुण्याच्या दप्तरखान्यातील मोडी कागद वाचून हिरोशी फुकाझावा या जपानी विद्वानाने दख्खनच्या खेड्यांवर आणि बलुत्यांवर लिहिले, म्हणून जगाला त्याचा थोडा पत्ता लागला.

आपला संताप मात्र तत्पर असतो. एखाद्या खेळात आपल्या पुरुषांचे चित्र कसे काढले, पागोटे कसे दाखविले, यावर निवेदने देण्यास माणसे जमतात. अशा वातावरणात परक्या संस्थेने त्या वाटेला न जाणेच पसंत केले तर तिला दोष कसा द्यावा? तिला चित्रापेक्षा आकड्यांची अधिक गरज असते. खेळ रचणाऱ्याला बखर नको असते, त्याला कोष्टक हवे असते : अमुक परगण्याचा वसूल किती, घोडेस्वाराचा महिना किती, सावकाराच्या व्याजाचा दर काय, ज्वारीचा भाव कोणत्या सालात कोठे गेला. यांची उत्तरे आपल्या दप्तरांत आहेत, आणि ती इंग्रजीत मांडण्याचे काम करणारे हात अगदी थोडे आहेत.

आपले आपणच असा खेळ का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' काढून कौशल्य दाखविले. तो खेळ निराळ्या जातीचा, पौराणिक आणि चपळाईचा. राज्यकारभाराच्या खेळाला चित्रकारांइतकेच हिशेबनीस लागतात, आणि ते पुरविण्याचे काम विद्यापीठांचे आहे. नाशिकपुरते बोलावयाचे तर एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून दहा विद्यार्थ्यांना मोडी शिकवावी आणि चांदवड, दिंडोरी, त्र्यंबक यांसारख्या चार-दोन परगण्यांचे पेशवाईतील जमाखर्च उलगडून कोष्टकांच्या रूपात इंग्रजी-मराठीत सर्वांना मोफत उपलब्ध करून द्यावेत. दोन उन्हाळ्यांच्या सुट्यांचे काम आहे. मुलांना त्यात गोडी वाटणार नाही असे सहकारी म्हणतात. ज्या मुलाची तिजोरी १७४० मध्ये ओसंडून वाहते त्याच्यापुढे खऱ्या १७४० चा एक ताळेबंद ठेवून पाहावा. मी येत्या सत्रात तो वर्गात नेणार आहे.